पाचवा खांब: ओलीने फसवलेल्या आकड्याचं प्रकरण

पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या वहीत पाचव्या खांबासमोर ४.६ असा आकडा होता, म्हणजे दगडातून आरपार जाणाऱ्या ध्वनीचा वेग, सेकंदाला किलोमीटरांत, आणि शेजारी मीच ‘उत्तम’ असा शेरा मारला होता. सहा खांबांतला तो सगळ्यांत चांगला आकडा. सहा आठवड्यांनी त्याच खांबावर, त्याच दोन खुणांवर, त्याच यंत्राने २.१ आलं. मधल्या काळात दगड बिघडला नव्हता. पहिल्या दिवशी जेवढा खिळखिळा होता, तेवढाच तो आताही होता. चुकलं होतं माझं वाचन, आणि ती चूक पकडली एका हातोडीने.

वास्तूचं नाव देत नाही. देखभाल करणाऱ्यांची तशी इच्छा आहे आणि प्रकरण समजायला नावाची गरजही नाही. दर्शनी बाजूला पांढऱ्या संगमरवराचे सहा खांब एका ओळीत उभे आहेत. प्रत्येक खांब एकसंध, उंची साधारण ३ मीटर, छातीच्या उंचीवर व्यास ४२ सेंटिमीटर, माथ्याशी ३८. वर दगडी तुळया, तुळयांवर छप्पर. खांब आणि त्याच्या शीर्षाचा दगड यांच्यामध्ये लोखंडी खुंटी, जुन्या कामात असते तशी. छपराचं पाणी खाली आणणारा पाइप पाचव्या खांबाच्या मागून, भिंतीच्या आतून जातो. हे शेवटचं वाक्य मला पहिल्या दिवशीही माहीत होतं. फक्त ते कुठे लागू पडतं, हे माहीत नव्हतं.

सहावा खांब कोपऱ्यातला. ऊन, वारा, पाऊस त्यानेच जास्त खाल्लेला. त्याच्यावर तळहात फिरवला की हाताला पिठीसाखरेसारखा चुरा लागायचा. नक्षीच्या कडा बोथट झालेल्या, एका अंगाला टवके उडालेले. पाचवा त्या मानाने देखणा: पृष्ठभाग घट्ट, कडा शाबूत, फक्त मानेपाशी थोडी हिरवट झाक. मला विचारलेला प्रश्न सरळ होता, सहावा बदलायचा का? विचारणाऱ्यांच्या मनात उत्तर ठरलेलं होतं. त्यांना त्याखाली आकड्यांची सही हवी होती.

हाताला लागणारा तो चुरा कुठून येतो, हे आधी सांगते. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. संगमरवर म्हणजे एकमेकांत घट्ट बसलेले कॅल्साइटचे रवे. कॅल्साइटचा स्वभाव विचित्र आहे. तापला की स्फटिक एका अक्षाच्या दिशेने फुगतो, दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत साधारण २६ भाग. त्याला काटकोनातल्या दिशेने मात्र तो चक्क आकसतो, दहा लाखांत साधारण ६ भाग. दगडात शेजारशेजारचे रवे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. ऊन चढलं की एक ढकलतो, दुसरा मागे सरतो, आणि रात्री थंड झाल्यावर सगळे पूर्वीच्या जागी नेमके परत बसत नाहीत. रव्यांमधले सांधे उकलत जातात. त्यात ओल असली तर हे आणखी वेगाने होतं. दगडातलं काहीही विरघळून वाहून गेलेलं नसतं, तरी तो आतून मोकळा झालेला असतो.

हे किती टोकाला जाऊ शकतं, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण शिकागोतलं आहे. १९७३ साली पूर्ण झालेल्या आणि पुढे अमोको या नावाने ओळखल्या गेलेल्या गगनचुंबी इमारतीवर इटलीतल्या कॅरारा इथल्या संगमरवराचे सुमारे ४३,००० पातळ तक्ते लावले होते. ते वाकायला लागले, आणि १९९० ते १९९२ या काळात सगळे उतरवून ग्रॅनाइट लावावा लागला. हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहावर तर बदलून नव्याने लावलेला संगमरवरही पुन्हा वाकला. तिथे तक्ते पातळ होते म्हणून दोष डोळ्यांना दिसला. जाड खांब वाकून दाखवत नाही. तो उभाच्या उभा रवाळतो.

आता ध्वनी. पद्धत सांगायला दोन वाक्यं पुरतात. खांबाच्या एका बाजूला प्रोब टेकवून ध्वनीचा ठोका सोडायचा, समोरच्या बाजूला दुसऱ्या प्रोबने तो पकडायचा आणि मधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा. अंतराला वेळेने भागलं की वेग आला. आमचे प्रोब ५४ किलोहर्ट्झचे होते, म्हणजे माणसाच्या कानाच्या पल्ल्याच्या बरेच वर. ताज्या, घट्ट संगमरवरात हा ध्वनी सेकंदाला ५ ते ६ किलोमीटर जातो. पाण्यात साधारण दीड किलोमीटर, हवेत एक तृतीयांश किलोमीटर. रव्यांमध्ये हवेच्या फटी पडल्या की लहरीला प्रत्येक फटीशी अडखळत, वळसे घेत जावं लागतं आणि वेग उतरतो. जर्मन संशोधक कोहलर यांनी संगमरवरासाठी मांडलेली वर्गवारी अजूनही बहुतेक जण वापरतात: ५ च्या वर ताजा, ३ ते ५ सच्छिद्र होत चाललेला, २ ते ३ साखरेसारखा सुटणारा, दीड ते २ ठिसूळ, दीडच्या खाली भुगा होऊ घातलेला. ही मोजपट्टी फक्त संगमरवराची. वालुकाश्म ३ वर अगदी निरोगी असू शकतो आणि ठणठणीत बेसाल्ट ५ च्या वर जातो. एका दगडाची पट्टी दुसऱ्याला लावलेले अहवाल मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

प्रत्यक्ष काम मात्र कष्टाचं आहे. प्रोब आणि दगड यांच्यात केसभर हवा राहिली तरी ध्वनी आत शिरत नाही. सोनोग्राफी करताना पोटावर जेल चोपडतात ते याच कारणासाठी. पण पांढऱ्या जुन्या संगमरवरावर जेल किंवा व्हॅसलीन लावलं तर ते आत मुरतं आणि तुपकट डाग कायमचा राहतो. म्हणून आम्ही दगडावर आधी पातळ प्लास्टिकचा कागद धरतो, त्यावर मऊ मातीसारख्या लगद्याची चकती आणि तिच्यावर प्रोब दाबतो. माझा सहकारी पलीकडून दाबतो, मी अलीकडून. दोघांचा दाब सारखा हवा. स्क्रीनवर लहरीचा पहिला उठाव कुठे आहे हे डोळ्यांनी पाहून ठरवायचं, यंत्राने आपोआप धरलेल्या वेळेवर विसंबायचं नाही. लहर दुबळी असेल तर यंत्र पहिला उठाव सोडून दुसरा धरतं आणि दगड आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. अंतर दर वेळी कॅलिपरने मोजायचं, कारण खांब वर निमुळता होत जातो. सहा खांब, प्रत्येकी तीन उंच्या, प्रत्येक उंचीवर चार दिशा, म्हणजे ७२ रीडिंग. प्रत्येक तीनदा. दिवस मावळतो.

पहिल्या दिवशी छातीच्या उंचीवर आलेली चार दिशांची सरासरी अशी होती: पहिला ४.१, दुसरा ३.९, तिसरा ४.२, चौथा ३.८, पाचवा ४.६, सहावा ३.२. पाचव्यातून ४२ सेंटिमीटर पार करायला ९१ मायक्रोसेकंद लागले, सहाव्यातून १३१. चित्र डोळ्यांना दिसत होतं त्याच्याशी जुळत होतं आणि विचारणाऱ्यांच्या मनातल्या उत्तराशीही. अशा वेळी माणूस जास्त खोदत बसत नाही. मी अहवालाचा मसुदा त्याच रात्री लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आवरायला गेले तेव्हा तिथले पाथरवट काका खांबांपाशी उभे होते. हातात लहान हातोडी. माझे आकडे त्यांनी ऐकले होते. काही न बोलता ते पहिल्या खांबापासून सुरू झाले. प्रत्येक खांबावर दोन-तीन हलके ठोके, कान जवळ. पहिले चार खांब थोडे कमीजास्त, पण वाजत होते. पाचव्यावर आवाज ‘ठप्प’ असा आला आणि तिथेच विझला. सहाव्यावर वरचा पापुद्रा खडखडला, पण त्याच्यामागून एक लांब, बारीक नाद आला.

“ताई, सहावा वरून सडलाय, आतून बोलतोय. पाचवा बोलतच नाही.”

“काका, पाचव्याचा आकडा सगळ्यांत चांगला आहे.”

“आकडा असेल. दगड बद्द आहे.”

मला आधी रागच आला. कान हा काही मोजमापाचा प्रकार नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. मग पुन्हा त्यांच्याच हातोडीने ठोकून पाहिलं, आणि तो मुका ठोका मला माझ्या कानांनी ऐकावा लागला. दोन पद्धती एकाच दगडाबद्दल उलट बोलत असतील, तर एक तर त्यांपैकी एक चूक आहे किंवा दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. इथे दुसरं घडत होतं.

यंत्र ज्या लहरीची वेळ मोजतं ती सगळ्यांत आधी पोचणारी, म्हणजे दाबाची लहर. मागचा रवा पुढच्याला दाबतो, तो त्याच्या पुढच्याला. मध्ये हवेची फट असली तर हवा दबून जाते आणि धक्का तिथेच मुरतो. तीच फट पाण्याने भरली तर? पाणी जवळजवळ दबत नाही. धक्का फारसा कमी न होता पलीकडे जातो. म्हणजे ओल्या, उकललेल्या दगडातून दाबाची लहर जवळपास निरोगी दगडासारखी धावते. पण पाणी दोन रव्यांना एकमेकांवरून घसरण्यापासून रोखू शकत नाही, कारण पाण्याला स्वतःचा आकारच नाही. हातोडीने जो नाद उठतो त्यात हा घसरण्याला होणारा विरोध मोठा असतो, आणि ओल्या फटींत तो नाद लगेच विरतोही. त्यामुळे काकांची हातोडी सुट्या झालेल्या रव्यांबद्दल बोलत होती आणि माझं यंत्र फटींतल्या पाण्याबद्दल.

यातली खरी खोच पुढे आहे. निरोगी संगमरवर भिजवला तर त्याचा वेग फारसा हलत नाही, कारण आत पाणी शिरायला जागाच नसते. म्हणजे पाणी सगळ्यांचे आकडे सारखे वाढवत नाही. जितका दगड जास्त आजारी, तितका त्याचा आकडा पाण्याने जास्त सुधारतो. ओल्या अवस्थेत मोजणं म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांना आधीच उत्तरं देऊन परीक्षा घेण्यासारखं आहे. नापास होणाऱ्याला त्याचा सगळ्यांत जास्त फायदा.

पण पाचवा ओला कसा? बाहेरून तो कोरडा होता. आमच्या आधी दोन दिवस पाऊस झाला होता, मग ऊन पडलं होतं. पावसाची नोंद मी वहीत केलीच नव्हती. माझ्या छापील नोंदतक्त्यात तापमानाचा रकाना होता, ओलीचा नव्हता. त्याच दिवशी उष्णता टिपणारा कॅमेरा आणला. सकाळच्या उन्हात पाच खांब एकसारखे तापत होते आणि पाचव्याच्या मानेपासून खाली एक गडद, गार पट्टा उतरलेला दिसत होता. पाणी बाष्प होऊन उडताना पृष्ठभाग गार राहतो, तोच हा गारवा. मानेजवळची हिरवट झाक म्हणजे शेवाळं. आणि ज्या घट्ट, देखण्या पृष्ठभागावर आम्ही खूश होतो, ती वरच्या सांध्यातल्या चुन्याने धरलेली साय होती. भिंतीतल्या पाइपाचा सांधा गळत होता, ते पाणी तुळईखालून खांबाच्या माथ्यात उतरत होतं आणि जाता जाता चुना आणून खांबाला बाहेरून पॉलिश करत होतं.

पाइप दुरुस्त झाला. मी मसुदा फाडला आणि सहा आठवडे मागितले. त्यावर नाराजी झाली, ती साहजिक होती. पाचव्या खांबाशेजारी तुळईखाली पोलादी टेकू मात्र दुसऱ्याच दिवशी लावून घेतले. ओल जाईपर्यंत खांब किती भार घेऊ शकतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. वरून पाऊस लागू नये पण वारा खेळावा, असा आडोसा केला. हीटर लावून लवकर वाळवू या, अशी एक सूचना आली होती. ती मी हात जोडून नाकारली. दगड रवाळतो तो तापण्या-निवण्यानेच, आणि आपणच त्याला भट्टीत घालायचं?

दहा दिवसांनी पाचव्याचा आकडा ४.१ झाला. तीन आठवड्यांनी ३.०. पाचव्या आठवड्यात २.३. सहाव्यात २.१, आणि त्यानंतर आणखी एक आठवडा थांबलो तरी २.१ च. ४२ सेंटिमीटर, २०० मायक्रोसेकंद. पहिल्या दिवसाच्या दुपटीहून जास्त वेळ. बाकीच्या खांबांचे आकडे फार तर ०.१ ने खाली आले. सहावा ३.२ वरच राहिला. वेग उतरण्याचा अर्थ नुसता आकड्याने कळत नाही, कारण दगडाचा ताठपणा वेगाच्या वर्गावर, म्हणजे वेग गुणिले वेग यावर, अवलंबून असतो. ५ वरून २.१ म्हणजे ताठपणा जेमतेम १८ टक्के उरला. थेट ताकद किती उरली, हे मात्र यावरून काढायला मी नकार दिला. वेगावरून ताकद काढायची सूत्रं आहेत, पण ती ज्या खाणीच्या दगडावर बेतली त्या खाणीपुरतीच चालतात.

पाचव्याच्या तळखड्यावरून सुटलेली एक कपची आमच्याकडे होती. तिचा ५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापून प्रयोगशाळेत नेला. एवढ्या लहान तुकड्याला ५४ किलोहर्ट्झची लहर फार लांब पडते, म्हणून तिथे २५० किलोहर्ट्झचे प्रोब लावले. पूर्ण वाळवलेल्या तुकड्यातून ध्वनीला २५ मायक्रोसेकंद लागले, म्हणजे वेग २.०. मग त्याच तुकड्यातली हवा निर्वात पंपाने काढून त्यात पाणी भरलं. आता १०.४ मायक्रोसेकंद, वेग ४.८. तोच तुकडा, तेच पाच सेंटिमीटर, फक्त पाणी. त्या दुपारी मी काकांना प्रयोगशाळेत बोलावून हे दाखवलं. ते म्हणाले, “मग ओल्या दगडाला विचारायचंच कशाला?”

त्याचं उत्तर खरं तर आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम भिजवून मोजण्याचा एक उपयोग होतो. संगमरवरात रवे कधीकधी एका दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे निरोगी दगडातही वेग दिशेनुसार बदलतो. वाळलेल्या दगडात एका दिशेला वेग कमी आला तर तो रव्यांच्या मांडणीमुळे की फटींमुळे, हे कळत नाही. तुकडा पाण्याने भरला की फटींचा प्रभाव जवळपास पुसला जातो आणि उरतो तो मांडणीचा. आमच्या तुकड्यात भिजल्यावर तिन्ही दिशांमध्ये फरक जेमतेम चार टक्के होता. या चार टक्क्यांनी पुढे फार मदत केली.

ती मदत माथ्याशी झाली. पाचव्याच्या वरच्या टोकाला, ३८ सेंटिमीटर व्यासावर, एका दिशेने वेग २.३ आला आणि त्याला बरोबर काटकोनात १.८. खांब एकसंध आहे, रव्यांची मांडणी वर-खाली सारखीच असणार, आणि छातीच्या उंचीवर असा फरक नव्हता. म्हणजे हा फरक मांडणीचा नव्हे, चिरेचा. उभी चीर असेल तर तिला समांतर जाणारी लहर सरळ जाते. आडवी जाणारी लहर चिरेच्या टोकाला वळसा घालून जाते. २.३ च्या वेगाने ३८ सेंटिमीटरला १६५ मायक्रोसेकंद लागायला हवेत, आम्हाला लागले २११. जादा वेळेचा हिशोब केला तर लहर साधारण साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर चालून आली होती. मध्यभागी ३० सेंटिमीटर रुंदीची चीर धरली की भूमिती तंतोतंत जुळते. ३८ पैकी ३०. बाहेर दोन्ही अंगांना चार-चार सेंटिमीटर दगड शाबूत, म्हणून डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

सहाव्या खांबाने वेगळा धडा दिला. त्याचा ३.२ हा आकडा ‘सच्छिद्र होत चाललेला’ या वर्गात बसतो, पण तसा दगड त्या खांबात कुठेच नव्हता. आरपार मोजणीत सगळ्या थरांची सरासरी येते. म्हणून आम्ही दोन्ही प्रोब एकाच बाजूला, एकाखाली एक ठेवून अंतर दोन-दोन सेंटिमीटरने वाढवत गेलो आणि वेळेचा आलेख काढला. जवळच्या अंतराला लहर वरच्या सडलेल्या थरातून रेंगाळत येते. अंतर वाढलं की ती खाली उतरून घट्ट दगडातून धावत येते आणि पुन्हा वर चढते. लांबचा रस्ता, पण लवकर. त्यामुळे आलेख एका ठिकाणी मोडतो. आमचा साडेतेरा सेंटिमीटरला मोडला. मोडण्याआधीचा वेग १.५, नंतरचा ५.०. त्यावरून सडलेल्या थराची जाडी निघाली ५ सेंटिमीटर. पडताळा सोपा होता: दोन्ही बाजूंचे मिळून १० सेंटिमीटर दीडच्या वेगाने म्हणजे ६७ मायक्रोसेकंद, मधले ३२ सेंटिमीटर ५ च्या वेगाने म्हणजे ६४. बेरीज १३१. पहिल्या दिवशी स्क्रीनवर आलेली तीच संख्या. आतला गाभा ताज्या संगमरवराच्या तोडीचा होता आणि तो खांबाच्या छेदाचा ५८ टक्के भाग होता. काका म्हणाले होते तसंच: वरून सडलेला, आतून बोलणारा.

खात्रीसाठी दोन्ही खांबांभोवती १६ बिंदू आखून प्रत्येक जोडीमधून ध्वनी सोडला. १२० जोड्या होतात, अगदी शेजारच्या वगळल्या तरी शंभरावर रीडिंग. त्यातून छेदाचा नकाशा तयार होतो. नकाशा रंगीत असतो आणि बैठकीत फार छान दिसतो, पण त्याच्यावर जास्त विसंबू नये. लहर नेहमी सगळ्यांत लवकर जायचा रस्ता शोधते, म्हणजे वाईट भाग टाळून जाते, आणि नकाशात तो भाग असतो त्यापेक्षा लहान आणि पुसट उमटतो. सहाव्याच्या नकाशात मात्र कडं आणि गाभा स्वच्छ वेगळे दिसले. पाचव्याच्या नकाशात वेगळं काढावं असं चांगलं काही नव्हतंच.

बैठकीत मांडलं ते इतकंच: सहावा बदलायचा नाही, पाचव्यावरचा भार काढायचा. पाचव्याला ताकद देणारं रसायन पाजता येईल का, असा प्रश्न आला आणि तो योग्यच होता. आम्ही वाळवलेल्या कपचीवर करून पाहिलं. वेग २.० वरून ३.१ झाला. टेबलाभोवती समाधानाचे चेहरे. मी तिथेच थांबवलं. फटींमध्ये काहीही भरलं की आकडा वाढतो. पाण्याने तर तो ४.८ पर्यंत नेला होता आणि त्याने एकही रवा चिकटवला नव्हता. रसायनाने रवे धरले की नाही, हे बारीक ड्रिल सारख्या दाबाने आत घालून, किती जोर लागतो ते मोजून पाहिलं. वरच्या काही मिलिमीटरांत जोर वाढला होता, त्याखाली जवळपास नाही. सहाव्याच्या पाच सेंटिमीटरच्या कड्याला थर-थर करून याचा काहीसा उपयोग होता, तो केला. पाचव्याला नव्हता.

पाचव्याच्या शीर्षाचा दगड उचलला तेव्हा खालचं सगळं उघडं पडलं. खुंटीच्या जागी गंजाचा तांबडा, पापुद्र्यांचा गठ्ठा होता. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि त्या गठ्ठ्याने दगड मधोमध पाचरीसारखा फाडला होता. चीर २८ सेंटिमीटर रुंद भरली. मी ३० सांगितलं होतं. काकांनी चिरेत नख घालून चुरा काढला, तळहातावर घेतला, फुंकर मारली. काही बोलले नाहीत.

आता तुळईचा भार बाजूच्या पोलादी आधारावर आहे आणि पाचवा खांब फक्त स्वतःचं वजन घेऊन उभा आहे. चिरेत चुन्याचा पातळ मसाला भरला, गंजलेली खुंटी काढून स्टेनलेस स्टीलची बसवली. माझ्या नोंदतक्त्यात दोन रकाने वाढले आहेत, एक ओलीचा आणि एक हातोडीचा. दुसऱ्या रकान्यात काकांचे शब्द जसेच्या तसे जातात: खणखणीत, बरा, बद्द, मुका. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं एकाच दिवशी मोजतो. ते आधी, मी नंतर, आणि माझं होईपर्यंत एकमेकांना काही सांगत नाही.

गेल्या फेरीत पाच खांब जागच्या जागी होते. चौथ्याच्या माथ्याचा आकडा मात्र ३.७ चा ४.१ झाला आहे. त्याला आम्ही काहीही केलेलं नाही. पाइप पुन्हा उघडायला माणूस गेला आहे.